बिनधुराचा हिवाळा

लाल गाजरं आली की मला दमायला होतं. बाकीच्या ग्वाल्हेरला या दिवसांत हुरूप चढतो. घरोघरी हलव्यासाठी गाजरं किसली जातात, उन्हात चटया टाकून मटार सोलले जातात, शिंगाडेवाले ओल्या पोत्यांवर पाणी मारत बसतात. मी मात्र गॅलरीतून गाडीवाल्याची हाक ऐकते आणि खुर्चीत थोडी आणखी खाली सरकते. गुडघे आहेत, धुकं आहे, ऊन दुपारी उगवल्यासारखं करून लगेच मावळतं, हे सगळं आहेच. पण खरं कारण गाजरं.

यंदा तर ती घरातच येऊन बसली आहेत. गार्गी, माझी नात, माझ्याजवळ राहते. तिचे आईवडील पुण्याला असतात. इथे सिटी सेंटर भागातच एका कंपनीत ती नोकरी करते आणि आमच्या दोघींचं घर चालवते. दिवाळीनंतर ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत मिसळली. सगळ्यांची नव्यानं मांडणी चालू आहे, तुमचं काय ते कळवू, असं सांगून हिला घरी बसवलं. त्याच सुमारास हिनं शिजलेलं खाणं सोडलं. सकाळी भिजवलेले मूग, दुपारी गाजर आणि मुळा, संध्याकाळी मोड आलेली मटकी आणि एखादा पेरू.

"आजी, हे रॉ डाएट आहे. बहुत हेल्दी असतं. आणि मतलब, सस्तं पण पडतं नं. तेल नको, गॅस नको."

"असं होय," मी म्हटलं.

"तू तुझं वरण-भात खा आरामात. माझी फिकर नको करूस."

मग ती लॅपटॉपसमोर बसून गाजर चावते. कुडुम, कुडुम. माझी कवळी पेल्यात असते, त्यामुळे मला फक्त ऐकायचंच काम. आणि तो आवाज मी चांगला ओळखते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी परकर-पोलक्यात होते.

आमचं ग्वाल्हेर संस्थान आधी मध्यभारतात विरघळलं. तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. हिवाळ्यापुरती का होईना, राजधानी आमच्याकडे उरली होती, त्यामुळे मोठ्या माणसांचे चेहरे बरे होते. मग तेही मोडलं. मध्यप्रदेश झाला आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. त्या निघालेल्या मला स्वच्छ आठवतात. बैलगाड्यांवर लाकडी कपाटं, टेबलं, पाय वर केलेल्या खुर्च्या, दोरखंडानं बांधलेली दप्तरं. आम्ही मुली रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघत होतो. मिरवणूक असावी असं वाटत होतं, पण वाजंत्री नव्हती आणि कुणी बत्तासे वाटत नव्हतं.

माझे वडील, नाना, दरबारच्या फरासखान्यात होते. तंबू, शामियाने, जाजमं, गालिचे, त्यांचे खांब आणि दोर, हा सगळा संसार त्यांच्या ताब्यात. कुठला तंबू किती माणसांचा, कुठल्या गालिचाला कसर लागते, हे ते अंगणात बसल्या बसल्या सांगत. नव्या राज्याला तंबू नको होते. नानांना काढलं नाही, ठेवलंही नाही. तुमच्या नेमणुकीचं कळवू, असं सांगितलं. कळेपर्यंत पगार नाही. मधल्या काळात माणसानं काय करायचं याबद्दल कोणत्याच सरकारचा हुकूम नव्हता.

दौलतगंजात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. नाना, आई, मी आणि धाकटी कुमुद. एके दिवशी नाना गावात आलेल्या कुठल्याशा निसर्गोपचारवाल्याचं व्याख्यान ऐकून आले आणि पाट मांडल्यावर म्हणाले, "उद्यापासून आपण कच्चं खायचं. विस्तवावर अन्नाचा जीव जातो. सूर्यानं शिजवलंय ते पुरे आहे." आईनं त्यांच्याकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते. "बरं," ती म्हणाली. एवढीच काय ती चर्चा.

आता इतक्या वर्षांनी त्या "बरं"मध्ये काय काय होतं ते मला कळतं. तेव्हा आम्हां दोघींना तो खेळ वाटला. पहिले काही दिवस मजेचे गेले. भिजवलेले हरभरे, मुठीमुठीनं शेंगदाणे, त्यावर गुळाचा खडा. कोवळा मुळा पाल्यासकट. किल्ल्याच्या पायथ्याच्या बोरी हलवून आणलेली बोरं. शिंगाड्याचं हिरवं साल दातांनी सोलताना ओठाला टोचायचं आणि आतला पांढरा गर थंडगार लागायचा. नाना संध्याकाळी भाजीबाजार उठायच्या वेळेला जात, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर ऊन खाल्लेल्या भाजीत सत्त्व जास्त. ते खरं होतं की उठत्या बाजारात भाजी स्वस्त मिळते हे खरं होतं, असा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही.

नंतर थंडी वाढली. ग्वाल्हेरची थंडी ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून उपयोग नाही. दगडी घरं, दगडी फरशी, आणि पोटात थंड गाजर. गरम काहीतरी आत जावं म्हणून जीव कासावीस होई. मूग चावून जबडे दुखत. कुमुद मूग गालात साठवून ठेवी आणि तसाच तोबरा घेऊन झोपी जाई. शेजारच्या घरांतून फोडणीचा वास आला की आम्ही दोघी बोलणं थांबवायचो. हिंग कुणाच्या घरचा, लसूण कुणाच्या घरची, वांगं कुठं भाजतंय, हे आम्हाला भिंतीपलीकडून सांगता येऊ लागलं.

नानांचं शास्त्र तसं सोयीचं होतं. पोहे चालत. ते भाजूनच कांडतात हे आईला माहीत होतं, पण तिनं ते सांगितलं नाही. दही चाले. आणि चहा तर चालेच चाले. "चहा आहारात मोडत नाही," ते म्हणत, "तो औषधात जातो." म्हणून रोज सकाळी आई चार काटक्या पेटवायची, नानांचा चहा व्हायचा, त्याच आचेवर आमच्यापुरतं दूध तापायचं, आणि चूल विझायची. मग ती विझलेली चूल आई शेणानं सारवायची आणि तिच्यावर हळदकुंकू वाहायची. तिच्यावर काही रटरटायचं नव्हतं तरी सारवणं चुकलं नाही. चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडोबाला वांग्याच्या भरताचा आणि रोडग्याचा नैवेद्य असतो. त्या वर्षी आईनं देवापुढे एक आख्खं, कच्चं, देठाचं वांगं ठेवलं. नानांनी पूजा केली, वांग्यावर तुळशीपत्र ठेवलं आणि डोळे मिटले. ते फार वेळ मिटलेलेच होते.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मधल्या चौकात उघडायची. चौकापलीकडे पवारकाकी राहायच्या. त्यांचे यजमान पूर्वी संस्थानच्या फौजेत होते, फौजही अशीच मोठ्या फौजेत मिसळली होती, आणि पवारकाका पेन्शनीत निघून घरी बसले होते. काकी आवाजानं खणखणीत. त्यांची धुण्याची दोरी नेमकी आमच्या खिडकीसमोर होती आणि आमच्या धुरावरून त्यांचं आईशी वर्षानुवर्षं भांडण चालू होतं. "वहिनी, माझी सफेद लुगडी काळी करायचा मक्ताच घेतला की काय तुम्ही?" असं त्या रोज ओरडत. त्या हिवाळ्यात सकाळचा तो चहापुरता धूर तेवढा उरला होता, आणि काकींचं ओरडणंही त्यामानानं उतरलं होतं. आम्ही काय खातो ते त्यांना ठाऊक नव्हतं. आईनं सगळ्या गल्लीला पत्ता लागू दिला नव्हता. पाहुणा आला की ती म्हणायची, आत्ताच जेवणं झाली.

संक्रांत होऊन गेल्यावर नाना भोपाळला गेले. स्वतः जाऊन साहेबांपुढे उभं राहिल्याशिवाय हुकूम निघत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जाताना अंगावर जुना दरबारी कोट, हातात पिशवी, पिशवीत शेंगदाणे आणि गाजरं. "पोचल्यावर पत्र टाकतो," म्हणाले. पत्र आलं नाही. आई रोज पोस्टमनच्या वेळेला दारात जायची आणि तो पुढे गेला की कडी लावून आत यायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, कामात असतील.

नाना नाहीत म्हणजे चहा नाही. चहा नाही म्हणजे चूल नाही. दूधही तिनं बंद केलं. जळण वाचवत होती ती. त्यातच तिला सर्दीतापानं धरलं आणि एक-दोन सकाळी दारात रांगोळीही पडली नाही. ती पांघरूण घेऊन भिंतीला टेकून बसायची, डोळे लाल, नाक लाल. आम्ही तिच्या दोन बाजूंना चिकटून मूग चावत बसायचो.

अशाच एका दुपारी दार हळूच ढकललं गेलं. पवारकाकी. एरवी त्यांचा आवाज आधी यायचा आणि मग त्या. आज डोक्यावर पदर, पाय अनवाणी, हातात फडक्यानं झाकलेलं पातेलं. काही न बोलता त्यांनी ते जमिनीवर ठेवलं, आईशेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. फडक्याची कड सरकली. आत पिठलं-भात होता.

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात आणतात, गुपचूप ठेवतात, येतो असंही न म्हणता उठून जातात. कुणी काही विचारत नाही. विचारायचं नसतंच. लहान मुलालाही हे कळतं. मला कळलं. आई त्या पातेल्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना पाहिला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" आईचा आवाज ओळखू येईना.

"सांगायला कशाला पाहिजे, वहिनी," काकी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "दिसतंच की."

आई जी कोसळली ती काकींच्या मांडीवरच. काकींनीही गळा काढला. कुमुद रडायला लागली आणि मीही. नाना गेले, नाना भोपाळला गेले ते गेलेच, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. पिशवीतली गाजरं त्यांनी खाल्ली असतील का, असं काहीतरी वेडंवाकडं मनात येत होतं. किती वेळ गेला मला माहीत नाही. शेवटी काकींनीच नाक पुसत विचारलं, "खबर कशी आली? तार आली का?"

आईनं मान वर केली. "मला कुठे आली? तुम्हाला आली ना?"

"मला? मला कोण तार करणार!"

"मग हे?" आईनं पातेल्याकडे बोट केलं.

काकी गोंधळून गेल्या. "अहो वहिनी, नानासाहेब परगावी. इतके रोज तुमच्या घरातून धूर नाही. दारात रांगोळी नाही. तुम्ही डोळे लाल करून बसलेल्या. मी काय समजायचं? यांना बोलली मी, काहीतरी झालंय त्या घरात, आणि बिचारी बाई कुणाला सांगून नाही राहिली."

आई एकदम हसायला लागली. ते हसणं मला रडण्यापेक्षा भयंकर वाटलं. मग ती थांबली, आणि जे तिनं दिवाळीपासून कुणालाही सांगितलं नव्हतं, आम्हालाही नाही, ते सांगितलं.

"काही झालेलं नाही हो. घरात शिजवण्यासारखं काही नाही आणि पेटवायला जळण नाही. म्हणून आम्ही कच्चं खातो. ते म्हणतात, तब्येतीला चांगलं असतं. मीही तसंच म्हणते."

 काकी झटक्यात उठल्या आणि पातेलं उचलू लागल्या. "हे इथे नको. जित्या माणसाच्या घरात हे अन्न आणलं, माझ्या जिभेला हाड नाही तसं डोक्यालाही नाही. गाईला घालते. तुमच्यासाठी दुसरं करून आणते, वहिनी, आत्ता आणते."

आईनं पातेल्याचा काठ धरला. तिनं काकींकडे बघितलं नाही, आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघी रडत होतो, पण आमचे डोळे पातेल्यावर होते. वाफ निघत होती त्यातून.

"ठेवा," आई म्हणाली.

"वहिनी, अशुभ असतं ते. नानासाहेब परगावी आहेत."

"पोरींनी किती दिवसांत गरम खाल्लेलं नाही. ठेवा."

आई उठली. भिंतीवरच्या आरशासमोर गेली आणि कपाळावरचं कुंकू पुसट झालं होतं ते पुन्हा लावलं, नेहमीपेक्षा मोठं. मग हात धुऊन आम्हाला वाढायला बसली. मोहरी, हिंग, लसूण, वरून हिरवी मिरची. पहिल्या घासाला माझी जीभ भाजली. तसं भाजणं मला पुन्हा कधी मिळालं नाही. कुमुदनं भात बोटांनी निपटून खाल्ला आणि ताट चाटलं. आई आमच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. देवाचं काहीतरी म्हणत असावी. तिनं स्वतः त्यातलं शीतही तोंडात घातलं नाही.

संध्याकाळी काकी पुन्हा आल्या, गोवरीवर निखारा घेऊन, आणि पदरात बाजरीचं पीठ. आमची चूल त्या निखाऱ्यावर पेटली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी चौकात येऊन ओरडल्या, "वहिनी, माझी लुगडी!" आई खिडकीत उभी राहून डोळे पुसत होती. धुरामुळे, असं ती म्हणाली.

नाना त्यानंतर आले. इथल्याच एका कचेरीत, पूर्वीपेक्षा खालच्या जागेवर, आवक-जावक टपालाचं काम त्यांना मिळालं होतं. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले होते, मी दारातून पाहिलं. आमच्या खिडकीतून येणाऱ्या धुराकडे ते मान वर करून बघत होते. आत आले, कोट काढला आणि सरळ चुलीपाशी येऊन हात शेकत बसले. कुणी पेटवली, का पेटवली, काही विचारलं नाही. आईनं पानात भाकरी वाढली. नानांनी पिशवीत उरलेलं एक सुकलेलं गाजर काढलं, धुतलं, आणि भाकरीच्या आधी ते सगळं चावून खाल्लं. मग भाकरीला हात लावला.

ते गाजर त्यांनी आयुष्यभर सोडलं नाही. हिवाळ्यात रोज जेवणाआधी एक कच्चं गाजर. आपण बोललो ते अगदीच खोटं ठरू नये, एवढ्यासाठी असावं. दात गेल्यावर आई त्यांना किसून द्यायची. त्या दुपारचं तिनं त्यांना कधीच सांगितलं नाही, काकींनीही नाही. मात्र आमच्या घरात पिठलं असलं की भाकरीच असायची. भात कधी नाही.

पुष्कळ वर्षांनी, अशाच गाजरांच्या दिवसांत, नाना गेले. पवारकाकी तोवर काठी टेकत चालायच्या. दुपारी त्या आमच्या दारात आल्या, हातात फडक्यानं झाकलेलं पातेलं, आणि उंबऱ्याबाहेरच थबकल्या. ज्या घरात कुणी हाक मारून शिरत नाही तिथे त्यांनी हाक मारली. "वहिनी, येऊ का?"

आई भिंतीला टेकून बसली होती. "या, वहिनी," ती म्हणाली. "ह्या वेळी खरं आहे."

त्या दिवशी आई पोटभर जेवली. लोकांना ते बरं दिसलं नाही. मला आणि कुमुदला मात्र काही वाटलं नाही.

हे सगळं मी गार्गीला कधी सांगितलेलं नाही. सांगून सांगून काय सांगणार? या फ्लॅटमध्ये भिंतीला धूर ओढून घेणारं यंत्र आहे. कुणाकडे शिजतंय, कुणाकडे नाही, खालच्या माणसाला कळायचं कारण नाही. दारांवर रांगोळीचे छापील कागद चिकटवलेले असतात, ते बारा महिने तसेच. गेल्या आठवड्यात मी सराफ्यात कामाला जाते म्हणाले तर गार्गी पटकन म्हणाली, "मी पण येते, मला पण काम आहे." मला एका दुकानात बसवून ती जरा जाऊन आली तेव्हा तिच्या कानात तिच्या आईनं दिलेल्या कुड्या नव्हत्या. मी तिचे केस नीट करायच्या निमित्तानं कान पाहिले आणि केस पुन्हा कानावर घातले. माझ्या औषधांचा डबा त्या संध्याकाळी काठोकाठ भरला होता.

काल दुपारी मी कवळी घातली, गुडघ्यांना समजावलं आणि ओट्यापाशी उभी राहिले. मोहरी, हिंग, लसूण, हिरवी मिरची. बेसन कालवलं. भाकरीसाठी पीठ काढलं होतं, ते परत डब्यात टाकलं आणि भात लावला. 

"आजी, मी बोलली नं, माझं डाएट चालू आहे," गार्गी आतून म्हणाली. वास तिच्यापर्यंत पोचला होता.

"बोललीस. ये, बस."

ती आली. ताटाकडे बघत उभी राहिली, मग बसली. काकींनी आल्या आल्या काही विचारलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला तेवढाच. पहिल्या घासाला तिनं तोंडानं हवा आत ओढली. जीभ भाजली असणार. मग ती मान खाली घालून खात राहिली. पातेलं तिच्या बाजूला सरकवलं तर तिनं नको म्हटलं नाही. खाता खाता तिच्या डोळ्यांतलं पाणी भातात पडायला लागलं, आणि ती तसंच खात राहिली.

"आजी," ती शेवटी म्हणाली, "त्या लोगांनी अजून काहीच कळवलं नाहीये."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि माझंही ताट वाढून घेतलं.